आंघोळीनंतर चार दिवसांत पुन्हा जटा: कुरळ्या कुत्र्याचा पावसाळा

रविवारी आंघोळ घातली की सोमवारी आमचा चिक्कू म्हातारीच्या केसांसारखा फुललेला असायचा. गुरुवारी कानामागे हात गेला की वाटाण्याएवढी गुठळी लागायची. पुढच्या रविवारपर्यंत काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला, पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत घोंगडी तयार. मग पुन्हा आंघोळ, त्याने आणखी घट्ट झालेल्या जटा, आणि शेवटी बेळगावला नेऊन मशीन फिरवून सफाचट. तीन पावसाळ्यांत असं चार वेळा मुंडण झालं आणि प्रत्येक वेळी आम्ही चिखलाला शिव्या घातल्या.

चिखलाचा दोष फार थोडा होता. जटा मीच करत होतो, बादली आणि टॉवेल घेऊन. हे उमगायला तिसरा पावसाळा संपत आला होता.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे राहतो. घराला लागून भातशेती, मागे काजू-फणस, आणि जून ते सप्टेंबर अंगणात जांभ्या मातीचा तांबडा राडा. चिक्कू हा पूडल आणि कॉकर स्पॅनियलचा संकर, शहरात ज्याला कॉकापू म्हणतात तो. पुतण्याने पुण्याच्या फ्लॅटमध्ये हौसेने पाळला, वर्षभरात नोकरी बदलली आणि कुत्रं आमच्या पदरात पडलं. रंग चिकूचा, कानडीत चिक्क म्हणजे लहान, त्यामुळे नाव दोन्ही भाषांत खपून गेलं. सुगीनंतर शेतात मेंढ्या बसवायला आलेल्या धनगराने त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा गंभीरपणे विचारलं होतं, "काय गा मालक, ह्येची लोकर किती निघती?"

प्रश्न विनोदी वाटला, पण तो अगदीच चुकीचा नव्हता.

शेजाऱ्यांकडे मुधोळ आहे. बागलकोट जिल्ह्यातली ही जात. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत तिचंही होतं. अंगाला चपटे, आखूड केस. खाचरात लोळून आला तरी ओलं फडकं फिरवलं की गडी स्वच्छ. त्याचे केस ठरावीक लांबीला थांबतात आणि जुने झाले की गळून पडतात. पूडलच्या रक्ताच्या कुत्र्याचे केस वाढतच राहतात. "केस गळत नाहीत" म्हणून लोक हा कुत्रा घेतात. गळतात की! फक्त खाली पडत नाहीत. मेलेला केस शेजारच्या वेटोळ्यात अडकतो, त्याला तिसरा अडकतो, आणि विंचरून बाहेर काढला नाही तर तीच जटेची सुरुवात. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात तो काळ, साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंतचा, सर्वांत वाईट. नेमका त्याच वयात चिक्कू आमच्याकडे आला होता.

गंमत म्हणजे पूडल हा मुळात पाण्यातलाच कुत्रा. मारलेली बदकं तळ्यातून आणायला जर्मनीकडे पाळलेला. पण ते शिकारी त्याचे केस लांब सोडत नसत. छातीवर आणि सांध्यांवर ऊब राहावी एवढे ठेवायचे, बाकी कापायचे. प्रदर्शनात दिसणारा तो गोंडे-गोंडे अवतार त्यातूनच आला असं सांगतात. म्हणजे चार इंच केस ठेवून पाण्यात सोडायचं, हा आमचाच शहाणपणा.

पहिली चूक: ओलं करून घासणं

एकदा बंबातल्या कढत पाण्यात साबण घालून माझा लोकरीचा स्वेटर मीच चोळून धुतला. वाळल्यावर तो आमच्या धाकट्याला बसेल एवढा झाला, आणि जाड असा की सुई जाऊ नये. बायको म्हणाली, "अहो, कुत्र्याला पण तुम्ही असंच धुता." त्या एका वाक्याने माझा तीन वर्षांचा प्रश्न निम्मा सुटला. ऊन पाणी, साबण आणि चोळणं या तीन गोष्टी एकत्र आल्या की लोकरीचा नमदा होतो. चिक्कू घरी आला की मी नेमकं हेच करत होतो. चिखल दिसला की पाणी, पाणी पडलं की शाम्पू, शाम्पूनंतर जाड टॉवेल घेऊन गोल गोल खसाखसा. सैल गुंता ओला होऊन आक्रसत होता आणि टॉवेल त्याला गाठ मारत होता.

आता क्रम उलटा केला आहे. तांबड्या मातीत माखून आला तर त्याला हात लावायचा नाही. ओसरीवर बांधायचं, पंखा लावायचा आणि तास-दीड तास थांबायचं. जांभ्याची माती वाळली की पीठ होते. केस बोटांनी मोकळे केले की निम्मी खाली पडते, उरलेली ब्रशने निघते. ओसरी झाडावी लागते, पण कुत्रं धुण्यापेक्षा ओसरी झाडणं केव्हाही सोपं. पांढऱ्या केसांवर तांबूस छटा राहते. ती मातीतल्या लोहाची. कितीही घासलं तरी पूर्ण जात नाही, सोडून द्यावी.

काळ्या मातीला मात्र हा नियम लागू पडत नाही. सासुरवाडी बैलहोंगलकडे. तिकडे पहिल्यांदा नेला तेव्हा मी शहाण्यासारखा माती वाळायची वाट बघत बसलो. ती माती वाळताना आकसते आणि केसांना धरून बोटांच्या मधे खड्यासारखी घट्ट होते. कुत्रं लंगडायला लागलं. शेवटी कोमट पाण्याच्या पाटीत पाय बुडवून बसवलं तेव्हा खडे सुटले. तिकडे गेलात तर शेतातून बाहेर पडल्या पडल्या, ओलं असतानाच, साध्या पाण्याने पाय धुवा. तांबडी माती वाळवायची, काळी वाळू द्यायची नाही. खताची किंवा तणनाशकाची फवारणी झालेल्या खाचरातून आला असेल तर मात्र माती कुठलीही असो, लगेच धुवायचं. कारण तो पाय चाटणार.

आंघोळ आता तीन-चार आठवड्यांतून एकदा. त्याआधी विंचरणं हवंच. एक जरी गाठ राहिली तरी आंघोळ पुढे ढकलायची. कुत्र्याचा शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून ओतायचा आणि केस वाढतात त्याच दिशेने हात फिरवायचा. आपला शाम्पू किंवा अंगाचा साबण नको, कारण कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते. कातडी कोरडी पडते, खाज सुटते, आणि खाजवलं की नवीन जटा. शाम्पूनंतर कंडिशनर लावला तर कंगवा सरळ जातो. मी आधी त्याला चैन समजत होतो, आता समजत नाही.

टॉवेलऐवजी जुना सुती पंचा. घासायचं नाही, दाबायचं. पिळायचा, पुन्हा दाबायचा. चिक्कूला चार पंचे लागतात. मग ड्रायर, थंड हवेवर किंवा अगदी कोमट, आणि हात कायम त्याच्या अंगावर म्हणजे चटका आपल्याला आधी कळतो. वरून वाळलं म्हणजे वाळलं असं नाही. केस बाजूला करून मुळाशी बोट लावा. आपल्याकडे जुलैत तीन-तीन दिवस कपडे दमट राहतात, तिथे दाट कुरळे केस आपोआप कसे वाळतील? मुळाशी ओल राहिली की कातडी लाल होते, चिघळते, वास मारते. आमच्या गड्याने एकदा नेमकं सांगितलं होतं, "न्हाऊ घातलासा खरं वाळवलासा न्हाई." (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. बाहेरच्यांचा इथे कायम गोंधळ होतो.)

दुसरी चूक: वरून पॉलिश, खाली गोधडी

मी रोज ब्रश करत होतो. अगदी रोज, दहा मिनिटं, अभिमानाने. प्लॅस्टिकच्या ब्रशने, वरच्या वर. वरचे दोन बोटं केस रेशमासारखे आणि कातडीला लागून अखंड गोधडी. बेळगावात ज्याच्याकडे मी मुंडणाला नेत होतो त्याने चारही वेळा पैसे घेतले, पण हे एकदाही सांगितलं नाही. असो.

दोन वस्तू लागतात: बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, आणि एका बाजूला विरळ, एका बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा. कुत्र्याला कुशीवर झोपवायचं. डाव्या हाताने केस वर दाबून धरायचे, म्हणजे भांग पाडल्यासारखी कातडीची रेघ दिसते. त्या रेघेखालचे केस थोडे थोडे सोडून हलक्या हाताने ब्रश मारायचा. तारा कातडीवर ओरखडू द्यायच्या नाहीत. मग रेघ वर सरकवायची. सगळं झालं की कंगवा मुळापासून टोकापर्यंत न्यायचा. सरळ गेला तर काम झालं, अडला तर तिथे गाठ आहे. कंगवा खोटं बोलत नाही, ब्रश बोलतो.

पूर्ण कोरड्या केसांवर ब्रश ओढला की केस तुटतात. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि थोडा कंडिशनर घालून तुषार मारून घ्यावा. रोज सगळं अंग करायला मला जमत नाही, जमेल असं कोणी म्हणालं तर माझा विश्वास बसणार नाही. कान, काखा आणि पट्ट्याची जागा मात्र रोज, बातम्या लागल्या की. पाठ आणि पाय आठवड्यातून दोनदा.

जट झालीच तर

आधी कोरडं कॉर्नफ्लोअर चोळायचं, मग बोटांनी जट कडेकडेने फाडल्यासारखी सैल करायची. टोकाकडून सुरुवात, मुळाकडून नाही. जटेच्या मुळाशी केस चिमटीत धरून ठेवायचे म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. पाच मिनिटांत हलली नाही तर नाद सोडायचा. कुत्र्याने दात दाखवेपर्यंत सोडवत बसलात तर पुढच्या वेळी ब्रश बघूनच तो पलंगाखाली जाणार.

कात्रीबद्दल हात जोडून सांगतो. जट कातडीला वर ओढून घेते, आणि आपण केस समजून कातडी कापतो. मी काखेत कापली आहे. पातळ कातडी, कागदासारखी उघडली, तीन टाके पडले. आता जटेच्या आणि कातडीच्या मधे कंगवा सरकवतो आणि कंगव्याच्या वरच कापतो. कंगवा जात नसेल तर कात्री लावायचीच नाही, तिथे मशीन.

पहिल्या वर्षी कानामागची लांब जट बघून शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या, "यल्लम्माची जट हाय, कापू नगो." यल्लम्माचं सौंदत्ती आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे आजींना हसण्याचं मला काही कारण नव्हतं; त्यांच्या लहानपणी माणसांच्या जटाही अशाच राखल्या जात. मी त्यांना जटेखालची लाल, ओली कातडी दाखवली. आजींनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "काप बाबा, देवी काय म्हणत न्हाई."

तीच जागा पुन्हा पुन्हा

सगळं सुधारल्यावरही डाव्या कानामागची गाठ आठवड्याला परत यायची. उजव्या कानामागे काही नाही. मला हे कोडं सुटायला फार वेळ लागला, कारण मी केस बघत होतो, कुत्रा बघत नव्हतो. चिक्कू मागच्या पायाने डावा कान खाजवत होता. दिवसभर, थोडं थोडं. केस त्या खाजवण्याने पिळले जात होते. कान उलटा करून वास घेतला तर आंबलेल्या पिठासारखा. डॉक्टरांनी तपासून बुरशीचा संसर्ग सांगितला, थेंब दिले. कान बरा झाला आणि गाठही थांबली. लोंबत्या कानाच्या आत पाणी राहिलं की हे होणारच. आंघोळीनंतर कानाची आतली पाळी कोरड्या कापसाने पुसायची, काडी आत घालायची नाही.

काखेतल्या गाठींचं कारण छातीचा पट्टा निघाला. तो आम्ही चोवीस तास ठेवायचो. आता फक्त बाहेर जाताना घालतो, आणि ओला झाला की खुंटीला. गळ्याचाही घरात काढतो. मांडीमागच्या गाठींचं कारण होतं अंथरूण. भाताच्या पिंजरावर पोतं टाकून त्याची जागा केली होती, गोठ्याच्या कडेला. पोतं ओल धरतं आणि पिंजराचा चुरा केसांत शिरतो. जुन्या सुती साडीची चौघडी घातली, दोन दिवसांनी धुवायला टाकायची, आणि खाली लाकडी फळी. गाठी निम्म्याने कमी झाल्या. तेव्हा कुठेही जट परत परत होत असेल तर तिथे काय घासतंय किंवा काय खाजतंय ते आधी शोधा.

लांबी किती ठेवायची

कातडीपर्यंत सफाचट केलेल्या कुत्र्याला पाऊस, डास आणि ऊन तिन्ही बोचतात. चार इंच ठेवले तर वरची सगळी कहाणी. आम्ही ६ ते १० मिलिमीटर ठेवतो. मशीनच्या ब्लेडचे आकडे उलटे चालतात: ५एफ म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, ४एफ म्हणजे साडेनऊ, आणि १० नंबर जेमतेम दीड. १० नंबर फक्त तळव्याच्या गाद्यांमधल्या केसांना आणि शेपटीखाली. ब्लेड पाच-सात मिनिटांत तापतं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघत राहायचं. जट असलेल्या अंगावर लांब ब्लेड चालत नाही, अडकतं, म्हणून जटा होऊ देऊन मग 'थोडेच कापा' म्हणण्यात अर्थ नसतो.

वेळापत्रक नक्षत्रांवर बसवलंय. मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, एकदा. गणपतीच्या सुमाराला दुसऱ्यांदा. नंतर वाढू द्यायचे. बेळगावच्या थंडीत त्याला ते लागतात, आणि दिवाळीत पाहुण्यांसमोर तो परत म्हातारीचे केस होतो.

केसांखाली लपलेलं

कुरळ्या केसांत काय बसलंय ते दिसत नाही, म्हणून रोज बोटं फिरवायची. गोचीड लागली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढायची. रॉकेल, फिनेल, टी ट्री तेल यांतलं काही लावू नका. कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते. मानेवर टाकायचं गोचिडीचं औषध असेल तर केस दुभागून थेट कातडीवर थेंब सोडायचे आणि आधी-नंतर दोन दिवस आंघोळ टाळायची. आमच्यासारख्या सारख्या भिजणाऱ्या कुत्र्याला गोळी बरी पडते, ती डॉक्टरांना विचारून. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं औषध कुत्र्याला लावण्याआधी दहादा विचार करा, मांजराला ते जीवघेणं असतं.

कणकुंबीकडे रानात नेलं तर जळवा. मिठाच्या पाण्याने सुटतात, ओढू नका. नाकात गेली तर डॉक्टर. पावसाळा सरला की कुसळं आणि आघाडा. कुसळ बोटांच्या बेचक्यातून आत शिरतं आणि आतच पुढे सरकत राहतं. एकच पाय सारखा चाटत असेल तर केस बाजूला करून सूज बघा. फणसाचा चीक लागला तर खोबरेल. केसांना तेल लावायला मी परवानगी देतो ती एवढ्याच कामाला, एरवी तेलावर धूळ बसून जटेचा पाया पक्का होतो.

लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस दरवर्षी चुकवू नका. उंदीर-घुशींच्या मुतातून तो जंतू साचलेल्या पाण्यात येतो, आणि आमची खाचरं म्हणजे साचलेलं पाणीच. जेवण सोडलं, ताप, उलटी, हिरड्या पिवळ्या, लघवी गडद, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. पावसात भिजल्यामुळे असेल म्हणून उद्यावर ढकलू नये. हा आजार माणसालाही होतो, तेव्हा आपल्या हाताला जखम असेल तर कुत्र्याला धुताना हातमोजे घाला.

या वर्षी मुंडण झालेलं नाही. रोपलावणीच्या दिवसांत चिक्कू रोज बायकांच्या मागे खाचरात होता, संध्याकाळी ओसरीवर तांबड्या मातीचा ढिगारा आणि मधे तो. कंगवा सगळीकडून जातो. फक्त शेपटीच्या बुडाशी गाठ अजून होते. तिथे काही घासत नाही, खाजतही नाही, सगळं बघून झालं. शेवटी तेवढी जागा १० नंबरने कापून टाकली आहे. मागून बघितलं तर सिंहाच्या शेपटीसारखा गोंडा दिसतो, आणि गल्लीतली पोरं आता त्याला चिक्कू म्हणत नाहीत, सर्कस म्हणतात.